‘छोट्या सर्व्हरला हॅकर येत नाहीत’ म्हणे!

भाच्याने घरी रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर नेक्स्टक्लाउड, म्हणजे फाइली साठवायचं स्वतःचं क्लाउड, बसवलंय. घरादाराचे फोटो, आजीचे रिपोर्ट, सगळं त्यावर. परवा कळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज त्याने जसाच्या तसा अमलात आणलाय: ‘छोट्या सर्व्हरला हॅकर येत नाहीत. एसएसएचचा पोर्ट २२ चा २२२२ करा, पासवर्ड बेस६४ करून फाइलमध्ये ठेवा, दर ३० दिवसांनी बदला. बास.’ (एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायची वाट, पोर्ट म्हणजे त्या वाटेच्या दाराचा क्रमांक आणि बेस६४ म्हणजे मजकूर वेगळ्या अक्षरांत मांडायची पद्धत.)

हॅकर येत नाहीत? अहो, घराघरांची यादी घेऊन कुणी माणूस बसलेलाच नसतो. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर आणलं. एका संगणकावरून, गिगाबिटच्या जोडणीवर, इंटरनेटवरच्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून होतो. त्यातून तुमचं घर कोण आणि कशाला वगळेल? २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने तर कारखान्यातूनच आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या टेलनेटवर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या जुन्या वाटेवर, लावून पाहिल्या आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. घरातले कॅमेरे, राउटर! त्यांत चोरण्यासारखं काय होतं? काही नाही. हवी होती ती त्यांची इंटरनेट जोडणी, दुसऱ्यांवर हल्ले करायला.

भाच्याला त्याच्याच सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडून दाखवला. आत शिरायला कुणीतरी लावून पाहिलेली नावं त्यात होती: रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, पाय. “मामा, ‘पाय’ हे नाव त्यांना कसं कळलं?” जुन्या रास्पबेरी पायवर ते खातं आयतंच असायचं, पासवर्ड ‘रास्पबेरी’. एप्रिल २०२२ मध्ये ते काढलं, पण याचं मेमरी कार्ड त्याआधीचं.

पोर्ट बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढं मान्य. पण मिराई टेलनेटच्या २३ सोबत २३२३ सुद्धा तपासायचा. २२२२ कुणाला सुचणार नाही असं वाटतं का?

बेस६४ हे कुलूप नाही. मोडीत लिहिलेलं पत्र मोडी येणारा वाचतोच. इथे तर एक कमांड पुरते, किल्लीही लागत नाही. फाइल ठेवायचीच तर परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल, आणि ती गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) घालू नका. नंतर पुसली तरी इतिहासात राहते.

ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच २०१७ मध्ये मोडीत काढला: पासवर्ड फुटल्याची चिन्हं दिसली की बदला, उगाच नको. नाहीतर लोक ‘दिवाळी१’चं ‘दिवाळी२’ करतात.

आम्ही ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) बनवली, तिला पासफ्रेज, म्हणजे किल्लीचाच पासवर्ड, लावला आणि पासवर्डने लॉगिन बंद केलं. मात्र ते बंद करताना आधीची लॉगिन केलेली खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतंय का ते पाहा, मगच पहिली मिटा.