९ वॅटचा बल्ब, ७५ मिलिअँपिअर करंट: प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ९ वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ३९ मिलिअँपिअर, मी लेखात क्लॅम्प मीटरने (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) ७५ दाखवले, म्हणजे एकतर माझा मीटर भंगार नाहीतर बल्ब १७ वॅट खातोय आणि लोकांची फसवणूक चाललीय. आणि एवढा बारीक करंट क्लॅम्पने येतच नाही, मल्टीमीटर सिरीजमध्ये, म्हणजे वायर तोडून मध्ये, लावायला हवा होता.

भागाकार बरोबर आहे, पण तो गिझर, इस्त्री, जुना पिवळा बल्ब यांना लागू होतो. एलईडी बल्बच्या आत आधी डायोडचा ब्रिज (एसीचा डीसी करणारा) आणि कपॅसिटर (वीज साठवणारा) असतो, व्होल्टेज वर टोकाला जातं तेवढ्या क्षणापुरताच तो कपॅसिटर करंट ओढतो आणि बाकी वेळ जवळपास काहीच नाही. असा झटक्याझटक्याने ओढलेला करंट मोजला की अँपिअर जास्त दिसतात पण वॅट वाढत नाहीत. २३० गुणिले ०.०७५ म्हणजे सव्वासतरा व्हीए (नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार), त्यातले खरे वॅट ९, म्हणजे पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.५२ च्या आसपास. आणि घरचं बिल युनिटवर येतं, युनिट म्हणजे किलोवॅट-अवर, व्हीएचा त्यात हिशोब नाही.

माझं ऐकू नका, तुमच्याच घरी बघा. घरच्या वीजमीटरवर एक लाल लाईट लुकलुकते आणि तिच्याजवळ ३२०० इम्पल्स असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकणार. फ्रीज, राउटर, इन्व्हर्टर सगळं बंद करा आणि ९ वॅटचे फक्त ५ बल्ब लावा. ४५ वॅट असतील तर दर २५ सेकंदांनी लुकलुकेल, बल्ब खरंच १७ वॅटचे असतील तर १३ सेकंदांनी. एवढा फरक मोबाईलच्या स्टॉपवॉचवर सहज कळतो.

क्लॅम्पचं म्हणाल तर मी एकाच वायरचे १० वेढे जबड्यातून घेतले होते, मीटरवर ०.७५ आलं, त्याला १० ने भागलं. हे फोटोखाली बारीक अक्षरात राहिलं ही माझी चूक, आज लेखात वर घेतलंय. क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (झटक्याझटक्याचा करंटही बरोबर मोजणारा) हवा, साधा मीटर असला करंट कमीच दाखवतो. आणि दोन्ही वायर एकत्र पकडल्या तर शून्यच येणार.

सिरीजचं मात्र मी मुद्दाम लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. मल्टीमीटरच्या करंटच्या सॉकेटमध्ये पिन तशीच राहते, पुढच्या वेळी माणूस व्होल्टेज बघायला ती फेज-न्यूट्रलला लावतो आणि सरळ शॉर्ट होतो. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोराचा हात असाच भाजलाय, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

राहिला तुमचा बेडरूमचा बल्ब, जो स्विच बंद केल्यावरही मंद पेटतो. तो बदलून उपयोग नाही झाला म्हणताय, होणारही नाही. स्विचमध्ये इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा करंट पुरतो. इंडिकेटर नसेल तर बहुतेक स्विच फेजऐवजी न्यूट्रलच्या (परतीच्या) वायरवर बसवलाय, आणि तसं असेल तर स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. वायरमनला बोलावून बल्ब काढून टेस्टर लावायला सांगा, तोवर मेन बंद केल्याशिवाय त्या होल्डरला हात लावू नका, घरात मुलं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.