निम्मी विजेतेपदं 'आयती'? हिशेब तपासा

टेनिसपटू स्टेफी ग्राफच्या २२ ग्रँड स्लॅम (टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या) विजेतेपदांपैकी निम्मी तिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेसवरच्या हल्ल्यामुळे आयती मिळाली, हे एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये सामन्यादरम्यान एका माथेफिरूने सेलेसवर सुरा चालवला, तेव्हा स्टेफीकडे ११ विजेतेपदं होती. त्या हल्ल्यामुळे सेलेस खेळत नव्हती त्या काळात सहा आली. उरलेली पाच सेलेस परतल्यानंतरची, आणि त्यातल्या १९९५ आणि १९९६ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत समोर सेलेसच होती! १९९९ ला पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीतही तिलाच हरवलं.

१९९२ ची विम्बल्डन फायनल मी शेजारच्या काकूंकडे दूरदर्शनवर पाहिली होती. स्टेफीने सेलेसला हरवलं, ६-२, ६-१. पावसाने खेळ सारखा थांबायचा, पण स्टेफीचा फोरहँड काही थंडावला नाही. तेव्हा सेलेस अव्वल क्रमांकावर होती. मान्य, त्याआधी पॅरिसला तिने स्टेफीला तिसऱ्या सेटमध्ये १०-८ असं हरवलं होतं, आणि ती सहा विजेतेपदं कुणाची झाली असती हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्या माथेफिरूने हिरावलं ते एकोणीस वर्षांच्या सेलेसचं. त्याचं ओझं स्टेफीच्या डोक्यावर का?