दिल्लीकडे जे मागता, ते मुंबईकडेही मागा

‘महाराष्ट्र कमावतो आणि दिल्ली ते बिहार-उत्तर प्रदेशला वाटते’ हा मेसेज आठवड्यातून दोनदा तरी येतोच. पुण्या-मुंबईच्या माणसाने तो पाठवला तर समजू शकतो. पण परभणी-हिंगोलीची मंडळीही तो जशास तसा पुढे ढकलतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

तक्रार सगळीच खोटी नाही. केंद्राच्या करांची राज्यांत वाटणी कशी व्हावी हे सुचवतो तो वित्त आयोग. पंधराव्या आयोगाने या करांतला 41 टक्के वाटा राज्यांना दिला. ऐकायला भरघोस! पण मेख अशी की उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) या वाटणीत धरतच नाहीत. पेट्रोलचंच घ्या. मे 2022 च्या कपातीनंतर केंद्राचं शुल्क लिटरला 19 रुपये 90 पैसे होतं. त्यातलं वाटणीला येणारं मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकीचं उपकर-अधिभाराच्या नावाखाली वाटणीबाहेर. 1.40 चे 41 टक्के म्हणजे 57 पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्राचा त्यातला हिस्सा 6.317 टक्के होता. करा हिशेब, लिटरमागे चार पैसेसुद्धा येत नव्हते. (राज्य सरकारही काही साळसूद नाही. 2015 च्या दुष्काळात त्यांनीही पेट्रोल-डिझेलवर 2 रुपये अधिभार लावला. दुष्काळ आमचा, अधिभारही आमच्याच गाडीला.)

आपत्तीच्या मदतीतही तेच. राज्य आपत्ती निधीत आपल्याकडे 75 टक्के पैसा केंद्राचा, आणि निकषही केंद्राचेच. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात नद्या शेतातून वाहिल्या, काही ठिकाणी मातीसुद्धा उरली नाही. त्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये. गुंठ्याला 85 रुपये धरा. एवढ्यात सोयाबीनची पेरणी तरी निघते का? राज्याने रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी आणखी 10,000 रुपये जाहीर केले, ते स्वतःच्या हिमतीवर. निकष ठरवणारा एक आणि शिव्या खाणारा दुसरा, ही व्यवस्था बदललीच पाहिजे. उपकर-अधिभारावर मर्यादा घाला, त्यापुढचा पैसा वाटणीत आणा, ही मागणी मला पटते.

पण पुढचं बोलायला कुणी तयार नाही. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात सगळ्यात जास्त वजन, 45 टक्के, उत्पन्नातल्या अंतराला होतं. म्हणजे जे राज्य जितकं मागे, त्याला तितकं जास्त. हे तत्त्व चुकीचं आहे असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? बिहारला का देता, असं आज विचारणाऱ्याने उद्या हिंगोलीला का देता म्हटलं, तर उत्तर काय देणार?

खरी गोम सरासरीत आहे. दिल्लीच्या हिशेबात हिंगोली ‘श्रीमंत महाराष्ट्रा’त मोडते. मुंबई-ठाण्याच्या उत्पन्नाखाली आमचं मागासलेपण झाकलं जातं. मग वर श्रीमंत म्हणून कमी मिळतं, आणि आत मागास म्हणून हक्काने मागावं असं बंधनकारक सूत्रच नाही. राज्यात वाटप होतं ते मंत्री कुणाचा, पालकमंत्री कोण, यावर.

असं नको म्हणूनच 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याकडे खास लक्ष द्यायचं ठरलं होतं. घटनेच्या कलम 371(2) ने राज्यपालांवर न्याय्य वाटपाची जबाबदारी टाकली. 1994 मध्ये, मागास भागांना न्याय्य वाटा मिळतो का हे पाहायला, विकास मंडळं आली. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. तेव्हा कोरोनाची धामधूम होती, कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे फक्त या सरकारने त्या सरकारकडे बोट दाखवायचा खेळ झाला.

गंमत म्हणजे अर्थतज्ज्ञ विजय केळकरांनी दोन्ही कामं केली आहेत. तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष तेच, आणि राज्यातल्या प्रादेशिक असमतोलावर 2013 मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचेही अध्यक्ष तेच. एकाच माणसाचं पहिलं काम देशाने पाच वर्षं अमलात आणलं, दुसऱ्यावर आपल्या विधिमंडळात भाषणं झाली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्राने दिल्लीत उपकरावरून जरूर भांडावं, आम्ही मागे उभे राहू. पण त्याचबरोबर आपल्या विधिमंडळात विकास मंडळं परत आणायचा विषय घ्यावा, आणि जिल्ह्यांच्या वाटपात उत्पन्नातलं अंतर मोजणारं सूत्र कायद्याने घालावं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या आमदारांपैकी यावर लेखी भूमिका कुणी घेतली असेल तर कमेंटमध्ये टाका. पक्ष कोणताही असो, मी शेअर करतो.