ब्रॉडवेला चाललात? नाटकाचं नाव विचारू नका

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं एक नाट्यगृह, बुधवार, दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं कमी. प्लेबिल (प्रयोगाची माहितीपुस्तिका) उघडलं की आतून एक पांढरी चिटोरी मांडीवर पडते: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका तमुक करतील. पुढच्या रांगेतले सहा जण 'च्यायला, फसवलं!' असं अस्सल मराठीत म्हणत उठतात, बाहेर जातात, पैसे परत मिळत नाहीत म्हणून पडदा वर गेल्यावर सगळ्यांचे पाय तुडवत परत येतात आणि मध्यंतरापर्यंत फोनच्या उजेडात त्या बदली नटीचं नाव शोधत बसतात. परवाची गोष्ट. हे सहा जण आणि दर मंगळवारी ग्रुपवर गल्ल्याचे आकडे टाकून 'हिट' की 'फ्लॉप' ते ठरवणारे त्यांचे मित्र, या सर्वांच्या सोयीसाठी पुढचा सल्ला.

सर्वात आधी, नाटक कोणतं हे विचारूच नका. 'कोण आहे?' एवढंच विचारा. या प्रश्नावर एक अख्खी संगीतिका गेली अठ्ठावीस-तीस वर्षं चालली आहे. 'शिकागो' १९९६ च्या नोव्हेंबरात पुन्हा रंगमंचावर आली आणि अजून सुरू आहे. वादक मंचावरच बसलेले, नेपथ्य जवळपास नाहीच, कपडे काळे. त्यामुळे रॉक्सी किंवा बिली फ्लिन या मुख्य भूमिकांतला कलाकार बदलायचा तर नवा माणूस चार पावलं आणि गाणी शिकून सहा-आठ आठवड्यांसाठी बसवता येतो. सिनेमातल्या मेलनी ग्रिफिथ येऊन गेल्या, ब्रुक शील्ड्स आल्या, २००६ मध्ये बिली फ्लिनच्या भूमिकेत गायक अशर आले, २०२२ मध्ये पामेला अँडरसन आठ आठवडे होत्या, २०२४ मध्ये रिअॅलिटी शोमधल्या अरियाना मॅडिक्स. खरं सांगायचं तर या व्यवहारात मला फारसं वावगं दिसत नाही. नाव सहा आठवड्यांत निघून जातं आणि मागच्या नाचणाऱ्यांना वर्षभर पगार मिळत राहतो. पण तुम्हाला नाचणाऱ्यांशी काय करायचंय? तुम्ही रॉक्सी बघायला गेलेलाच नसता.

आता आकडे. हे नीट शिकून घ्या, कारण मंगळवारी ग्रुपवर तुम्हाला तज्ज्ञ व्हायचं असतं.

ब्रॉडवेचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. नेहमीचे प्रयोग आठ. आकडे आले की फक्त पहिला रकाना बघा, एकूण गल्ला. बाकीच्या रकान्यांकडे ढुंकूनही बघू नका, नाहीतर प्रयोग किती झाले, खुर्च्या किती भरल्या आणि सरासरी तिकीट कितीला गेलं हे कळेल आणि मत बनवणं अवघड होईल. उदाहरणार्थ, नाट्यगृह हजार खुर्च्यांचं, प्रयोग आठ, ९८ टक्के भरलेलं. वा, हाउसफुल! पण सरासरी तिकीट ७० डॉलर असेल तर आठवड्याचा गल्ला साडेपाच लाखांच्या आसपास आला. मोठ्या संगीतिकेचा आठवड्याचा नुसता चालवण्याचा खर्च सहा-सात लाखांच्या पुढे सहज जातो. म्हणजे नाट्यगृह भरलेलं आणि निर्माता बुडतोय. खुर्च्या भरल्या त्या डफी स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालच्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवशी सवलतीत तिकिटं विकून. तरीही तुम्ही '९८ टक्के' वाचा आणि अंगठा दाखवा.

उलटही असतं. नाताळच्या आठवड्यात बरेच जण नऊ प्रयोग करतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर 'विकेड'ने एका आठवड्यात ५० लाख डॉलर ओलांडले तेही नऊ प्रयोगांत, आणि ते चालतं ते गर्श्विन हे ब्रॉडवेवरचं सर्वात मोठं नाट्यगृह, साधारण एकोणीसशे खुर्च्यांचं. त्याची तुलना लायसियम नाट्यगृहातल्या नऊशे खुर्च्यांच्या नाटकाशी करा. मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचेच आकडे पडतात (थंडी, पर्यटक घरी, क्रेडिट कार्डाचं बिल दारात), तेव्हा 'नाटक कोसळलं' असं लिहा. उद्घाटनाच्या आठवड्यात समीक्षकांना फुकट खुर्च्या दिल्या जातात म्हणून गल्ला खाली येतो. तेव्हाही तेच वाक्य चालेल. वाक्य एकच असलं की लिहायला सोपं.

आणि पडलेला आकडा ही नुसती गप्पांची गोष्ट आहे असं समजा. नाट्यगृहाच्या मालकाच्या करारात बहुधा एक कलम असतं. सलग दोन आठवडे गल्ला ठरलेल्या रकमेखाली गेला की मालक नाटकाला बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. नाट्यगृहं अवघी एकेचाळीस, रांगेत उभे असलेले निर्माते त्याहून कितीतरी जास्त. म्हणून आकडा घसरू लागला की निर्मात्याच्या डोक्यात पहिला विचार येतो: नाव आणा.

तिकीट किती महाग आहे यावरून नाटक किती चांगलं ते ठरवा. २०२५ च्या वसंतात बॅरीमोर नाट्यगृहात 'ऑथेल्लो' झालं. डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहाल. वरच्या दराचं तिकीट ९२१ डॉलर. प्रिव्ह्यूच्याच (उद्घाटनाआधीच्या प्रयोगांच्या) एका आठवड्यात गल्ला २८ लाख. आठ प्रयोग, साधारण हजार खुर्च्या: भागाकार करा, खुर्चीमागे साडेतीनशेच्या आसपास येतात. त्याच वसंतात विंटर गार्डन नाट्यगृहात जॉर्ज क्लूनींचं 'गुड नाइट, अँड गुड लक' होतं, त्याने पुढे एका आठवड्यात ४० लाख ओलांडले. संगीत नसलेल्या नाटकाने हा आकडा गाठल्याची ही पहिलीच वेळ. 'ऑथेल्लो'ला टोनीचं (ब्रॉडवेच्या सर्वात मोठ्या पुरस्काराचं) एकही नामांकन मिळालं नाही. तुम्हाला काय फरक पडतो, तुम्ही सेल्फी काढलात.

गल्ला वाढला म्हणजे प्रेक्षक वाढले, हेही छातीठोकपणे सांगा. २०१८-१९ च्या हंगामात १८३ कोटी डॉलर आले, २०२४-२५ मध्ये १८९ कोटी. प्रेक्षक दोन्ही वेळा एक कोटी सत्तेचाळीस लाखांच्या घरात. म्हणजे वाढले ते पैसे. माणसं तेवढीच.

तिकीट काढताना छोट्या अक्षरातलं काही वाचू नका. नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर छापलंय की खाली, याकडे तर मुळीच लक्ष देऊ नका. वर असेल आणि तो माणूस आजारी पडला तर बहुधा पैसे परत मिळतात किंवा दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळतं, तेही पडदा उघडायच्या आत खिडकीवर गेलात तर. खाली असेल तर काही नाही. चिटोरी घ्या आणि बसा. संकेतस्थळावर नटाच्या सुट्ट्यांच्या तारखा दिलेल्या असतात, दर आठवड्याचा एखादा ठरलेला प्रयोग दुसरीच नटी करणार हेही लिहिलेलं असतं. तेसुद्धा वाचू नका. न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेन पकडायची, पेन स्टेशनवरून आठ-दहा गल्ल्या चालायच्या आणि दारातल्या पाटीवर कळायचं, यात जी मजा आहे ती घरी सकाळी फोन बघण्यात नाही.

नाव मंचावर आलं की जोरात टाळ्या वाजवा, म्हणजे पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू येणार नाहीत.

प्रयोग संपला की मागच्या दाराच्या कठड्यापाशी सही घ्यायला रेटारेटी करा. प्रयोग बघितला नसेल तरी चालतं.

तिकीट कधीही खिडकीवर घेऊ नका. तिथे वरचं सेवाशुल्क लागत नाही आणि सकाळी दहाला उघडल्यावर कधीकधी 'रश'ची, म्हणजे त्याच दिवसापुरती, स्वस्त तिकिटंही मिळतात. मग तक्रार कशाची करणार?

आणि आता बदली कलाकार. त्याला जितकं कमी लेखाल तितके तुम्ही जाणकार ठरता. अंडरस्टडी रोज मागच्या घोळक्यात नाचतो आणि वेळ आली की मुख्य भूमिका करतो. स्टँडबाय रोज मंचावर नसतो पण नाट्यगृहाच्या जवळपास राहणं त्याला बंधनकारक असतं. स्विंगला एकाच वेळी आठ-आठ, दहा-दहा जणांच्या जागा, पावलं, कपडे आणि बाहेर जायचे दरवाजे पाठ असावे लागतात. या सगळ्यांना एकच शब्द वापरा, 'डुप्लिकेट'. २३ डिसेंबर २०२१ ला 'द म्युझिक मॅन'मध्ये नायिका सटन फॉस्टर कोविडमुळे नव्हत्या. कॅथी व्होइट्को या स्विंगला दुपारी बाराला कळलं की रात्री नायिका तिला करायची आहे. एक वाजता त्या भूमिकेची तिची पहिली तालीम झाली. त्या रात्री शेवटी नायक ह्यू जॅकमन यांनी प्रेक्षकांना थांबवून तिची आणि साऱ्या स्विंगची ओळख करून दिली. दुपारी बारा ते रात्रीचा प्रयोग, तेवढाच वेळ. पण डुप्लिकेट.

सटन फॉस्टर स्वतः 'थरोली मॉडर्न मिली'मध्ये आधी अंडरस्टडीच होत्या. पुढे सिनेतारका झालेल्या शर्ली मॅक्लेनना १९५४ मध्ये हॉलिवूडवाल्यांनी बघितलं ते कॅरल हेनी या नटीच्या जागी उभ्या असताना. तुम्ही त्या रात्री असतात तर पैसे मागायला खिडकीवर गेला असतात.

२०१७ मध्ये 'हॅलो, डॉली!'त बेट मिडलर होत्या. त्या सुट्टीवर गेल्या त्या आठवड्यात गल्ला धाडकन खाली. त्यांच्या जागी कोण होत्या? डॉना मर्फी. दोन टोनी मिळवलेल्या. तिकीट स्वस्तात मिळत असतानाही त्यांना बघायला तुम्हाला वेळ नव्हता, कारण त्यांचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं. २०२२ मध्ये 'फनी गर्ल'च्या मुख्य भूमिकेतून बीनी फेल्डस्टीन बाहेर पडल्या आणि लिया मिशेल सप्टेंबरात येईपर्यंत ऑगस्टभर बदली नटी ज्युली बेंको यांनी ती भूमिका ओढून नेली. लिया आल्यावरही गुरुवार त्यांचेच. किती जणांनी गुरुवारचं तिकीट मुद्दाम काढलं?

आणि 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट'. इम्पीरियल नाट्यगृह आतून मोडून रशियन खानावळ केलं होतं. प्रेक्षक मंचावर बसायचे, नट त्यांच्यामधून गात जायचे, पिरोगीचे (सारण भरलेल्या उंड्यांचे) डबे हातोहात फिरायचे, अंड्याच्या आकाराचे खुळखुळे वाजवायला दिले जायचे. टोनीची बारा नामांकनं. गल्ला बरा होता तो गायक जोश ग्रोबन मुख्य भूमिकेत होते म्हणून. २ जुलै २०१७ ला ते गेले. त्यांच्या जागी 'हॅमिल्टन'मधले ओकिएरिएट ओनाओडोवान आले. गल्ला घसरला. निर्मात्यांनी घाबरून ओनाओडोवान यांचे शेवटचे आठवडे कापले आणि तीन आठवड्यांसाठी नामवंत नट मँडी पटिंकिन यांचं नाव जाहीर केलं. एका कृष्णवर्णीय नटाला नाव मोठं नाही म्हणून बाजूला सारलं, यावर गदारोळ झाला, पटिंकिन यांनी दोन दिवसांत माघार घेतली आणि ३ सप्टेंबरला नाटक बंद. गुंतवलेले एक कोटी चाळीस लाख डॉलर पूर्ण वसूल झालेच नाहीत. मंचावरची खानावळ उखडून पुन्हा नेहमीच्या खुर्च्या बसवल्या. निर्माते चुकले, ते चुकलेच. पण जुलैत त्या खुर्च्या कुणी रिकाम्या ठेवल्या होत्या? जूनमध्ये तेच नाटक, तीच गाणी, तेच डबे असताना ज्यांनी 'अप्रतिम' लिहिलं होतं, त्यांनी.

जाऊ दे. सरळच सांगतो. निर्माते लोभी आहेत, तिकिटं अव्वाच्या सव्वा आहेत, सगळं मान्य. पण नवं नाव, नवं नाटक, नवा गायक तुमच्यासमोर ठेवला की तुम्ही येत नाही, आणि सिनेमातला चेहरा आला की नऊशे डॉलर मोजता. मग वर्षभर 'आता चांगलं काही येतच नाही' म्हणून रडता. ते येतं. लायसियममध्ये येतं, हेज नाट्यगृहात येतं, सहाशे-नऊशे खुर्च्यांसमोर, आणि तीन महिन्यांत जातं, कारण तुम्ही 'कोण आहे?' असं विचारून पुढचं पान उघडलेलं असतं. मंगळवारी आकडे वाचताना खालच्या ओळीही वाचा. तिथे चार लाखांवर अडकलेलं नाटक पुढच्या महिन्यात नसणार. ते बघायचं असेल तर आत्ता बघा. तिकीट ७० डॉलरला मिळतंय.

आणि बदली नटीचा कागद पडला आणि उठायचंच असेल, तर दिवे मंद व्हायच्या आधी उठा. एकदा बसलात की बसा. फोन खिशात ठेवा, ती मंचावरून तुमच्या तोंडावरचा निळा उजेड बघू शकते. खिडकीवरच्या मुलीशी आवाज चढवू नका, पाटी तिने लावलेली नाही. मध्यंतरानंतर त्या रांगेत सहापैकी चारच जण होते. दुसऱ्या अंकातलं गाणं तिने त्या दोन रिकाम्या खुर्च्यांच्या सरळ समोर उभं राहून म्हटलं.