४७ टक्क्यांची रेघ आणि वर्गखोलीच्या भिंतीवरचा कागद

“रोब्रेदोच्या मतांना मार्कोसच्या मतांनी भागा. रात्री आठला भागा, दहाला भागा, पहाटे भागा. उत्तर ४७ टक्केच. माणसं अशी मतं देत नाहीत. यंत्रात सूत्र घातलेलं होतं.”

९ मे २०२२ च्या रात्री फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षपदाचे आकडे टीव्हीवर सरकत होते, तेव्हाच हा दावा पसरायला लागला. मार्कोस आणि रोब्रेदो हे त्यातले पहिले दोन उमेदवार. सोबत आलेख असायचा: दोन रेषा, ठरावीक प्रमाण राखून वर जाणाऱ्या. पुढे त्याला शेपट्या फुटल्या. पहिल्या तासात दोन कोटी मतं आलीच कशी? हजारो यंत्रांचा आयपी पत्ता एकच कसा? आणि रेंज नसलेल्या खेड्यांतून निकाल इतक्या झटपट मनिलाला पोचलाच कसा? ईव्हीएमचे वाद ऐकून तयार झालेल्या मराठी कानाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पण तिथलं यंत्र वेगळं आहे, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे.

“प्रमाण हललंच नाही”

आधी साधा हिशेब. अंतिम आकडे असे: फर्डिनांड ‘बाँगबाँग’ मार्कोस ज्युनियर ३,१६,२९,७८३ आणि लेनी रोब्रेदो १,५०,३५,७७३. भागाकार येतो ४७.५४ टक्के. म्हणजे पूर्णांकात मांडायचं तर ४८, ४७ नव्हे. ‘दशांश चिन्हापर्यंत तेच’ म्हणणाऱ्यांनी दशांश चिन्हापुढचे आकडे सोयीने कापलेले असतात.

तरी रेषा बऱ्यापैकी सपाट होती, हे खरंच. कारण आलेख एकत्रित बेरजेचा आहे, दर फेरीचा नव्हे. समजा मार्कोस २ कोटींवर आहेत आणि रोब्रेदो ९४ लाखांवर. प्रमाण ४७ टक्के. आता २ लाख मतांचा नवा गठ्ठा आला आणि तो अगदी निम्मा-निम्मा वाटला गेला. नवं प्रमाण ९५ भागिले २०१, म्हणजे ४७.२६. सगळीच्या सगळी २ लाख रोब्रेदोंना गेली तरी प्रमाण ४८ वरच थांबतं. भरलेल्या हौदात बादलीभर पाणी ओतून पातळी किती वाढणार? सूत्र शोधायचं असेल तर प्रत्येक गठ्ठा सुटा करून बघावा लागतो. आलेख फिरवणाऱ्यांनी नेमकं तेवढंच केलं नाही.

गठ्ठे सुटे केले की काय दिसतं, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे कामारिनेस सूर. बिकोल भागातला हा शेतीचा, वादळांचा प्रांत, रोब्रेदोंचं घर. इथे त्यांनी मार्कोसना अक्षरशः धुऊन काढलं. उत्तरेला मार्कोस घराण्याच्या इलोकोस नोर्ते प्रांतात बरोबर उलटं झालं. यंत्रात ४७ टक्क्यांचं सूत्र असतं, तर ते या दोन प्रांतांत सुट्टीवर गेलं होतं म्हणायचं. देशपातळीवर प्रमाण स्थिर राहिलं, कारण २०२२ मध्ये निकाल सगळ्या भागांतून एकाच वेळी येत होते. हे दोन्ही टोकाचे प्रांत सुरुवातीपासूनच बेरजेत मिसळत गेले.

यातली गंमत २०१६ शी ताडून बघितली की कळते. त्या वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी हेच दोघे समोरासमोर होते. संध्याकाळी मार्कोस जवळपास दहा लाखांनी पुढे होते. पहाटेपर्यंत रोब्रेदो पुढे गेल्या आणि शेवटी २,६३,४७३ मतांनी जिंकल्या. मनिला आणि उत्तरेकडचे आकडे आधी आले होते, बिकोल आणि पश्चिम व्हिसायास या रोब्रेदोंच्या बालेकिल्ल्यांचे मागून. तेव्हा मार्कोस समर्थक म्हणाले, प्रमाण रातोरात बदललं म्हणजे चोरी. सहा वर्षांनी दुसरी बाजू म्हणाली, प्रमाण बदललं नाही म्हणजे चोरी.

“खेड्यातून इतक्या लवकर निकाल येऊच शकत नाही”

यासाठी वर्गखोलीत शिरावं लागेल. मतदान केंद्र म्हणजे बहुतेकदा गावातली शाळा. वर्गात तिघांचं निवडणूक मंडळ, जवळपास सगळे सरकारी शाळेचे शिक्षक. २०२२ मध्ये मानधन अध्यक्षाला ७,००० पेसो, सदस्यांना ६,०००. मतदार यादीवर सही करतो, मतपत्रिका, ती झाकायचं फोल्डर आणि मार्कर घेतो आणि पसंतीच्या नावाशेजारचा लंबगोल काळा करतो. मग मतपत्रिका स्वतःच्या हाताने यंत्राच्या फटीत सरकवतो. यंत्र ती स्कॅन करून मतं नोंदवतं, कागद खालच्या पेटीत पडतो आणि पावती बाहेर येते. ती वाचून मतदार वेगळ्या डब्यात टाकतो. उजव्या तर्जनीच्या नखावर शाई (आपल्याकडे डाव्या) आणि तो मोकळा.

म्हणजे इथे मत कागदावर असतं, यंत्र फक्त ते वाचतं. आपल्या ईव्हीएममध्ये मत यंत्रात असतं आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ही त्याची साक्ष. दोन्हींवर एकच आक्षेप चिकटवला की गोंधळ होतो.

दुसरं असं की मोजणी संध्याकाळी सुरू होत नाही; मतदान सुरू झाल्यापासून (२०२२ मध्ये सकाळी सहापासून) प्रत्येक मतपत्रिकेबरोबर होतच असते. सातला केंद्र बंद झाल्यावर उरतं ते मतदान बंद करणं, छापणं आणि पाठवणं. क्रम महत्त्वाचा आहे. २०२२ मध्ये आधी निकालपत्राच्या ८ प्रती छापायच्या, निकाल पाठवणं त्यानंतर, आणि मग उरलेल्या २२ प्रती, असा तो होता. पहिल्या प्रतींपैकी एक तिथेच भिंतीवर लागते. बाकीच्यांतून पक्ष आणि नागरी निरीक्षक संघटना यांचा वाटा निघतो. आपला पोलिंग एजंट फॉर्म १७-सी खिशात घालून निघतो, त्याचंच हे भावंड, फक्त उमेदवारनिहाय मतांसकट. थोडक्यात, वर्गाबाहेर एकही आकडा जायच्या आत तो आठ कागदांवर उमटलेला असायचा.

आता वेग. देशात १,०६,१७४ यंत्रं होती आणि मतं सुमारे साडेपाच कोटी. यंत्रामागे सरासरी सव्वापाचशेच्या आसपास. दोन कोटी मतं येण्यासाठी अडतीस हजार यंत्रांनी आपापला छोटासा निकाल पाठवला की झालं, आणि ही यंत्रं रांगेत उभी नसतात, सगळी एकदम पाठवत असतात. उशीर होतो तो शेपटाला: जिथे सिमकार्डाला सिग्नल मिळत नाही आणि मोडेम पुन्हापुन्हा प्रयत्न करून थकतो. तिथे उपग्रहाचं टर्मिनल लावतात. तेही जमलं नाही तर मेमरी कार्ड घेऊन नगरपालिकेच्या मोजणी केंद्रात जायचं, बेटावरून असेल तर होडीने. रेंज नसलेल्या खेड्यांचा, म्हणजे कामारिनेस सूरमधल्या कारामोआनसारख्या भागांचा, दावेकऱ्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण तिथले निकाल उशिराच येतात, आणि ते पहिल्या दोन कोटींत असावेच लागतात असं कुठे आहे?

तरी या मुद्द्यावर टीकाकारांची एक मागणी रास्त होती. छपाईला वेळ लागतो, मग पहिल्या तासाचा आकडा यंत्रांच्या नोंदींशी जुळतो का, ते दाखवा, असं माजी माहिती-तंत्रज्ञान सचिव एलिसेओ रिओ आणि त्यांचे सहकारी म्हणत होते. कोमेलेक या निवडणूक आयोगाने नोंदी खुल्या केल्या त्या २०२३ मध्ये. पहिल्या आठवड्यात केल्या असत्या तर निम्मी अफवा जागीच मेली असती.

“सगळ्या यंत्रांचा पत्ता १९२.१६८.०.२”

हा खासगी पत्ता आहे. घरचा वायफाय राउटर उघडून बघा, १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल. शेजाऱ्याकडेही बहुधा तोच. मोडेम आपल्यामागच्या यंत्राला असा पत्ता देतो आणि एकाच पद्धतीने लावलेले हजारो मोडेम एकच देतात. बाहेरच्या जगात या पत्त्याला अर्थ नाही. हजारो यंत्रं एकाच ठिकाणी होती, असं त्यातून सिद्ध होत नाही.

“सर्व्हरमध्ये आकडे बदलले”

२०२२ मध्ये निकाल तीन ठिकाणी जायचा: नगरपालिकेच्या मोजणी मंडळाकडे, मध्यवर्ती सर्व्हरकडे आणि पारदर्शकता सर्व्हरकडे. टीव्हीवर दिसलं ते या तिसऱ्यातलं. ४७ टक्क्यांचा सगळा आलेख त्यावरच उभा आहे, आणि कायद्याने त्या आकड्यांना शून्य किंमत आहे. अधिकृत मोजणी नगरपालिका, मग प्रांत, मग संसदेची दोन्ही सभागृहं अशी चढत जाते. विजयाची घोषणा संसदेत २५ मे २०२२ रोजी झाली. कुणी तिसऱ्या सर्व्हरमध्ये खेळ केलाच, तर टीव्हीवाले फसतील, संसदेपुढची प्रांतांची प्रमाणपत्रं नाहीत. निकालच फिरवायचा तर भिंतीवर लागलेले लाखभर कागद फिरवावे लागतील, आणि रोब्रेदोंच्या नागा शहरातल्या त्यांच्या कार्यकर्त्यांच्या फोनमधले या कागदांचे फोटोही. रोब्रेदोंनी निकालाला आव्हान दिलं नाही.

“मग कोमेलेकनेच यंत्रवाल्या स्मार्टमॅटिकला बाद का केलं?” हेही हमखास विचारलं जातं. नोव्हेंबर २०२३ मधला तो निर्णय आयोगाच्या माजी अध्यक्षावर अमेरिकेत झालेल्या लाचखोरीच्या आरोपांवरून होता, २०२२ च्या निकालावरून नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही अधिकाराबाहेरचा ठरवला.

“यंत्रच चुकीचं वाचत असेल तर?”

हा खरा प्रश्न, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो. २०२२ मध्ये सोडतीने निवडलेल्या ७५७ केंद्रांच्या मतपत्रिका हाताने मोजल्या; यंत्राशी मेळ ९९.९ टक्क्यांहून जास्त होता.

त्याहून कडक परीक्षा आधीच झाली होती, तीही कामारिनेस सूरमध्येच. २०१६ ला हरल्यावर मार्कोस यांनी निवडणूक लवादाकडे तक्रार केली आणि फेरमोजणीसाठी स्वतःच तीन प्रांत निवडले: कामारिनेस सूर, इलोइलो, नेग्रोस ओरिएंताल. एकूण ५,४१५ केंद्रं. एप्रिल २०१८ पासून पेट्या उघडल्या. काही मतपत्रिका ओल्या निघाल्या. तिथे यंत्राने मतदानाच्या दिवशी घेतलेल्या स्कॅन प्रतिमा छापून मोजल्या. मोठा घोळ झाला तो लंबगोलात. यंत्र किमान २५ टक्के भरलेला लंबगोल मत मानत होतं, लवादाने सुरुवातीला ५० टक्क्यांची जुनी पट्टी लावली. एखाद्या म्हाताऱ्या मतदाराने नुसती तिरकी रेघ ओढली असेल, तर यंत्राने मोजलेलं ते मत हाताच्या मोजणीत बाद. पट्टी तशीच राहिली असती तर ‘गायब मतां’चा ढीग आपोआप तयार झाला असता, चोरी न होता. सप्टेंबर २०१८ मध्ये लवादाने यंत्राची पट्टी ग्राह्य धरली. शेवटी रोब्रेदोंची आघाडी १५,०९३ ने वाढून २,७८,५६६ झाली आणि १६ फेब्रुवारी २०२१ रोजी तक्रार एकमताने फेटाळली गेली. २०२२ ला बहुतेक ठिकाणी तीच यंत्रं दुरुस्त करून वापरली होती.

मग घोटाळा होतो कुठे?

जुना घोटाळा वर्ग आणि प्रांत यांच्या मधल्या वाटेवर व्हायचा. हाताने केलेल्या बेरजांत एकाची मतं दुसऱ्याच्या खाती टाकायची. तिथला शब्द ‘दागदाग-बावास’, भर आणि वजाबाकी. २००४ ला मागिंदनाव प्रांतातल्या काही गावांत राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या फर्नांडो पो ज्युनियर या अफाट लोकप्रिय नटाला अधिकृत कागदावर शून्य मतं होती. पुढच्या वर्षी त्या निवडणुकीत जिंकलेल्या राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मॅकापागाल-अरोयो आणि एका निवडणूक आयुक्ताचं म्हणून मतमोजणीबद्दलचं ध्वनिमुद्रित संभाषण बाहेर आलं आणि अरोयोंना टीव्हीवरून माफी मागावी लागली. २०१० पासूनच्या यंत्रांनी नेमकी ही वाट अरुंद केली.

आज गळती आहे ती यंत्राच्या अलीकडे. आदल्या रात्री वाटलेली पाकिटं, मेयरच्या घराण्याच्या शब्दावर पडणारी गठ्ठा मतं. बंदुका: २०२२ मध्ये लानाओ देल सूर प्रांतातल्या १४ गावांत मतदानच होऊ शकलं नाही आणि २४ मे रोजी पुन्हा घ्यावं लागलं. आणि यंत्र बंद पडणं: कागद अडकतो, प्रिंटर रुसतो, ओलसर मतपत्रिका नाकारली जाते. मग शिक्षक म्हणतात, मतपत्रिका ठेवून जा, आम्ही नंतर एकगठ्ठा सरकवू. बरेच मतदार नकार देऊन तासन्‌तास थांबतात, आणि ते योग्यच करतात. पावती न बघता टाकलेली मतपत्रिका हा साखळीतला एकच टप्पा, जिथे मतदाराची नजर कागदावरून हटते.

कुणी पुन्हा ४७ टक्क्यांचा आलेख पाठवला तर त्याच्याकडे एकच गोष्ट मागा: अशा एका केंद्राचं नाव, जिथे भिंतीवरच्या निकालपत्राचा फोटो आणि कोमेलेकने जाहीर केलेला त्याच केंद्राचा आकडा जुळत नाही.