दोन डॉलरची नोट आणि हजारोंच्या बाता

‘दोन डॉलरची नोट असेल तर खर्चू नका! ती केव्हाच बंद झाली. लाल शिक्का किंवा तारा असेल तर हजारो डॉलर मिळतात.’ हा मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. खोट्याला चिमूटभर खऱ्याची फोडणी आहे, म्हणून तो पचतो.

‘बंद झाली’ हे घ्या. 1966 मध्ये छपाई थांबली होती खरी. पण 13 एप्रिल 1976 रोजी, नोटेवर ज्यांचं चित्र आहे त्या माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच्या जयंतीला, नोट पुन्हा आली आणि तेव्हापासून अधूनमधून छापली जातेच आहे. अमेरिकेतल्या दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली तर ते सवय नसल्यामुळे. चालते ती दोन डॉलरलाच.

मग हजारोंचा आकडा आला कुठून? तो 1890च्या दशकातल्या कोऱ्या करकरीत नोटांचा. 1929 पर्यंत अमेरिकी नोटा आकारानेच मोठ्या होत्या, साधारण 7.4 बाय 3.1 इंच. भाव त्यांचा आणि खाली फोटो 1976च्या नोटेचा, असा हा मामला!

लाल शिक्का, म्हणजे नोटेवर छापलेली लाल रंगाची सरकारी मुद्रा, 1928, 1953 आणि 1963 या मालिकांवर असतो. नोटेवर छापलेलं हे साल मालिकेचं, नोट त्याच वर्षी छापली असं नव्हे. पुढे ए, बी अशी अक्षरं येतात ती बहुधा सह्या बदलल्या म्हणून. 1953 किंवा 1963ची हाताळलेली नोट दोन डॉलरपेक्षा थोडी जास्त देते, बस्स.

ताऱ्याची गोष्ट जरा रंजक आहे. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी जी बदली नोट घालतात, तिच्या क्रमांकाला तारा लावतात. लाल शिक्क्याच्या नोटांवर तो क्रमांकाच्या आधी, 1976 पासूनच्या हिरव्या शिक्क्याच्या नोटांवर शेवटी. अशा नोटा ढिगाने सापडतात. पण 1928 बी मालिकेची तारा असलेली नोट खरोखर दुर्मिळ. तिच्यासाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात. एका ‘बी’चा हा फरक! फॉरवर्डमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

नोट ‘चमकवण्यासाठी’ धुणं, इस्त्री करणं हा सल्ला तर शुद्ध नुकसानीचा. कागदाचा मूळ कस जातो आणि जाणकाराला ते लगेच कळतं. काही नोटांवर टपाल तिकीट चिकटवून 13 एप्रिल 1976चा टपालाचा शिक्का मारलेला दिसेल. पहिल्याच दिवशी लोकांनी हौसेने मारून घेतलेला तो. त्याने भाव फारसा चढत नाही, पण ते तिकीट सोलायला जाऊ नका.