'डेस्कटॉप साइट' ऑन केल्याने फोन सेफ होत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

हिंजवडीच्या कुठल्यातरी 'आयटी इंजिनिअर'च्या नावावर एक मेसेज फिरतोय, आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग नातेवाईकांच्या. म्हणणं असं की मोबाईलच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' (वेबसाइट कॉम्प्युटरवर दिसते तशी दाखवायची सेटिंग) कायम ऑन ठेवा, कारण मोबाईलवर वेबसाइटी अर्धीच माहिती दाखवतात, डेस्कटॉप केलं की हॅकर शिरू शकत नाही आणि वर डेटाही वाचतो. कोथरूडच्या माझ्या मावशीने ते ऐकलं, म्हणून हे लिहितेय.

हॅकरचं आधी घेते, कारण खरं नुकसान तिथे आहे. त्या सेटिंगवर टिक केली की क्रोम ब्राउझर मुख्यतः दोन गोष्टी करतो. साइटला सांगतो की मी लिनक्सवाला कॉम्प्युटर आहे, आणि पान फोनच्या ३६०-४०० पिक्सेल रुंदीऐवजी ९८०वर मांडून त्याच स्क्रीनमध्ये कोंबतो. बाकी फोन तोच, ब्राउझर तोच, एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणारं कुलूप, तेच. फसवी साइट फसवीच राहते. आता हिशोब करा, ९८०चं पान ३६०मध्ये बसवलं तर १६ पिक्सेलची अक्षरं सहाच्याही खाली जातात. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ती लाइटबिल स्वतः भरायची, आता बोटांनी पान मोठं करायचं, आडवं सरकवायचं, बटण शोधायचं, तेवढ्यात वेळ संपतो. त्यात बरीच पेमेंटची पानं कॉम्प्युटर समजून यूपीआय ॲप उघडायचं बटणच देत नाहीत, क्यूआर कोड दाखवतात. जो फोन हातात आहे त्याच्याच स्क्रीनवरचा कोड स्कॅन कशाने करायचा? शेवटी तिने फोन आणि ओटीपी दोन्ही शेजारच्या मुलाच्या हातात दिले. मुलगा चांगला आहे, प्रश्न तो नाही. सेफ्टीच्या नावाखाली एका बाईला ओटीपी दुसऱ्याला सांगायची सवय लावली या मेसेजने, याचा मला खरंच संताप येतो.

अर्धी माहिती? थोडं खरं आहे, मान्य करते. पूर्वी मोबाईलसाठी वेगळी, कापलेली साइट असायची, आणि आजही काही जुन्या साइटींचे लांबरुंद तक्ते फोनवर धड दिसत नाहीत. तेवढ्यापुरतं ऑन करा आणि काम झालं की बंद करा. पण २०१०मध्ये ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने रिस्पॉन्सिव्ह डिझाइन मांडलं तेव्हापासून रीत अशी रुळत गेली की पान एकच, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे ते स्वतःला मांडून घेतं. आणि गूगल सर्च आता साइटची मोबाईलवर दिसणारी बाजूच वाचून नोंदवतं. जुलै २०२४पासून तर मोबाईलवर मजकूर अजिबात उघडतच नसेल तर ती साइट सर्चमध्ये घेतलीच जात नाही, हे गूगलने स्वतः जाहीर केलंय. मग मजकूर मोबाईलवर लपवून साइटवाल्याला काय मिळणार, सर्चमधून तोच गायब होईल ना.

डेटाचं तर उलटंच आहे. पान रुंद समजलं की बऱ्याच साइटी मोठ्या साइझचे फोटो पाठवतात.

मावशीसारख्यांना खरी गरज मोठ्या अक्षरांची आहे आणि त्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. वेबच्या ॲक्सेसिबिलिटीचे जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात २०१८पासून लिहिलंय की ३२० पिक्सेल रुंदीतसुद्धा मजकूर आडवं न सरकवता वाचता आला पाहिजे, तक्ते-नकाशे सोडून. म्हणजे साइट नीट बनवली असेल तर अक्षरं वाढवली तरी ओळी स्क्रीनमध्येच वळतात. डेस्कटॉप मोड नेमकं हेच मोडून टाकतो.

घरात कोणी तो मेसेज वाचून हे केलं असेल तर आजच त्यांचा फोन घ्या. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, त्यात डेस्कटॉप साइट बंद. मग सेटिंग्जमध्येच ॲक्सेसिबिलिटीत जाऊन अक्षरं किंवा झूम वाढवा, आणि वाढवताना फोन त्यांच्याच हातात ठेवा, त्यांना काय दिसतंय ते विचारत.